उजव्या हाताची जागा

माझ्या वडिलांनी भिक्षुकीचा राजीनामा दिला तो रोमन कायद्याच्या आधारे, आणि तो कायदा त्यांना शिकवला मीच.

मी नगरच्या एका विधी महाविद्यालयात शिकवते. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही. पहिल्या वर्षाला कायद्याचा इतिहास असतो आणि त्याची सुरुवात रोमच्या पुजाऱ्यांपासून होते. पोरांना त्यात काडीचा रस नसतो, त्यांना थेट खून आणि जामीन हवा असतो. त्यामुळे वर्गात वाया गेलेलं सगळं मी रविवारी एसटीने बेलापूरला घेऊन जायची आणि बाबांना ऐकवायची. बाबा तिथे भिक्षुकी करत. पंचक्रोशीतली लग्नं, वास्तुशांती, सत्यनारायण, श्राद्धं त्यांच्याकडे असायची. मी घरात पाऊल टाकलं की पाण्याचा तांब्या पुढे करून विचारायचे, "या वकीलसाहेब. काय म्हणतायत तुमचे रोमचे भटजी?"

मी वकिली एक दिवसही केलेली नाही, पण त्यांच्या लेखी मी वकीलसाहेब. रागावले की बाईसाहेब.

मग मी सांगायची. रोममध्ये फार पूर्वी कायदा पुजाऱ्यांच्या पोटात असायचा. दावा लावायचा तर कोणते शब्द कोणत्या क्रमाने म्हणायचे ते त्यांनाच ठाऊक. न्यायनिवाडा कोणत्या दिवशी चालेल आणि कोणत्या दिवशी चालणार नाही हेही तेच सांगणार, कारण पंचांग त्यांच्या हातात. बाबा म्हणायचे, "मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय?" त्यांचंही खोटं नव्हतं. जमिनीचं खरेदीखत नोंदवायला श्रीरामपूरला जाण्याआधी माणसं आमच्या ओट्यावर येऊन दिवस विचारून जात. एकाने तर कोर्टात पुढची तारीख कोणती मागू म्हणून विचारलं होतं. बाबांनी त्याला सांगितलं, "जज्जसाहेब देतील तोच मुहूर्त."

त्यांची सगळ्यात आवडती गोष्ट द्राक्षवेलींची. रोममधल्या एका माणसाच्या द्राक्षाच्या वेली कुणीतरी तोडल्या. त्याने दावा लावला आणि बोलताना "माझ्या वेली तोडल्या" असं म्हणाला. कायद्याच्या जुन्या शब्दांत 'झाडं' असं होतं. वेली म्हणाला म्हणून बिचाऱ्याचा दावा गेला. हे ऐकून बाबांनी मांडीवर थाप मारली. "बरोबरच आहे! उच्चार चुकला की फळ गेलं."

"आणि त्याच्या द्राक्षांचं काय?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

आईचं असंच होतं. आम्ही दोघं शब्दांचा कीस पाडत बसायचो आणि ती तेवढ्यात त्या माणसाच्या मळ्यात जाऊन यायची.

तिथले बहुतेक पुजारी जातीने पुजारी नसत, हे मात्र बाबांना पचायला वेळ लागला. आज सैन्य घेऊन लढाईवर गेलेला माणूस परत आल्यावर यज्ञाला उभा राहतो म्हणजे काय? "मग पाठांतर कधी करत होते?" त्यांनी विचारलं. मला हसू आलं. जातीचा एवढा मोठा प्रश्न, आणि ह्यांना काळजी पाठांतराची. मी तेवढ्यावर त्यांच्याशी तासभर वाद घातला. शेवटी ते म्हणाले, "असेल. आमच्यातही आता कोण उरलंय? तू कायदा शिकवतेस, धाकटी गणित. पाठ असलेलं सगळं माझ्याबरोबरच जाणार." हे त्यांनी दुःखाने म्हटलं नव्हतं. हवा बरी आहे असं सांगावं तसं सांगितलं. मलाच पुढे वाद घालवेना.

एका रविवारी मी त्यांना ज्युपिटरच्या खास पुजाऱ्याबद्दल सांगितलं. ज्युपिटर म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा देव, आणि हा पुजारी म्हणजे सोवळ्याचा कळस. घोड्यावर बसायचं नाही. सैन्य डोळ्यांनी बघायचं नाही. शपथ घ्यायची नाही. अंगावरच्या कपड्याला कुठे गाठ असता कामा नये. शेळीला शिवायचं नाही, तिचं नावही काढायचं नाही. केस कापले, नखं कापली की ती फळत्या झाडाखाली पुरायची. बेड्या घातलेला माणूस त्याच्या घरात शिरला तर त्याला सोडायचं आणि त्या बेड्या छपरावरून बाहेर टाकायच्या. हे शेवटचं ऐकून बाबा सरळ होऊन बसले. "हे फार चांगलं आहे," ते म्हणाले. "देवाच्या माणसाच्या घरात कुणी बांधलेलं असू नये."

ओले हात पदराला पुसत आई बाहेर आली होती. "आणि त्याची बायको?"

बायकोही पुजारीणच, मी सांगितलं. तिलाही नियम होते, तिचेही यज्ञ होते. दोघं मिळून एक पद. त्याला तिला सोडता यायचं नाही. आणि ती मेली, तर त्याच दिवशी त्याचं पद संपलं. पुजारीपण खाली ठेवायचं.

"बघा," आई बाबांना म्हणाली. "नाहीतर तुम्ही! माझे दिवस होईपर्यंतसुद्धा दम धरवायचा नाही, निघाल पिशवी घेऊन सत्यनारायणाला."

"तू आधी चहा टाक," बाबा म्हणाले. ती हसतच आत गेली.

आई त्यानंतर वर्षभराने गेली. साधा ताप म्हणून श्रीरामपूरला नेलं, तिथून नगरला आणलं, आणि माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दवाखान्यात ती गेली. ह्यावर मला जास्त लिहिता येत नाही. मला आई हवी होती आणि अजूनही हवी आहे, एवढंच आहे.

दिवस झाले. वर्षश्राद्धही झालं. बाबांची पूजेची पिशवी मात्र खुंटीवरून खाली आली नाही. कुणी बोलवायला आलं की ते श्रीरामपूरच्या एका गुरुजींचा मोबाईल नंबर द्यायचे. "त्यांना बोलवा. मी सोडलं." मला वाटलं, थकले असतील. एका रविवारी सरळ विचारलं, तर म्हणाले, "तुमच्या त्या रोमच्या भटजीने काय केलं? बायको गेल्यावर पद खाली ठेवलं ना? मग माझाही राजीनामा घ्या, वकीलसाहेब. तुझ्या आईलाही तो कायदा पटला होता."

माझ्याच शिकवणीत मीच अडकले होते. मी चहा करायला उठले.

त्याच उन्हाळ्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती संगमनेरला शाळेत गणित शिकवते, मुलगा तिच्याच शाळेतला शिक्षक. सगळं छान होतं, अडलं ते कन्यादानाशी. कन्यादानाला मुलीच्या आईवडिलांनी जोडीने पाटावर बसायचं असतं, बायकोने नवऱ्याच्या उजव्या हाताला. बायको हयात नसेल तर आमच्याकडे एक सोय आहे. नवऱ्याने कनवटीला, म्हणजे धोतराच्या कमरेच्या खोच्यात, सुपारी लावायची. ती सुपारी म्हणजे त्याची बायको. बाबांनी आजवर कितीतरी माणसांना अशी सुपारी लावून पाटावर बसवलं होतं.

आता स्वतःवर वेळ आल्यावर म्हणाले, "तुमचे काका-काकू बसतील. शास्त्राला चालतं. मी मांडवात आहेच की."

बहिणीने मला हाताला धरून उठवलं. आतल्या खोलीत जाऊन मला म्हणाली, "ताई, बाबांनीच द्यायचं मला. नाहीतर रजिस्टर लग्न करून मोकळी होते."

मला खरं म्हणजे कन्यादान हा शब्दच आवडत नाही. मुलगी काय तांदूळ आहे दान करायला? त्यावरून आमच्या घरात भांड्याला भांडं लागून झालेलं आहे. पण ह्या वेळी गोष्ट निराळी होती. आई गेल्यापासून बाबा एकेका ठिकाणाहून उठून जात होते. आधी पूजा सोडल्या, मग पारावर जाणं सोडलं, मग दुपारचा पेपरही. ह्या पाटावरूनही उठले, तर ते पुन्हा कशालाच बसणार नाहीत, ही भीती तिला होती. तिच्याइतकीच मलाही होती.

म्हणून मी रोमलाच शरण गेले. काट्याने काटा काढावा म्हणतात.

"बाबा, अजून एक कायदा ऐका," मी म्हटलं. "रोममध्ये युद्ध पुकारायचं काम काही पुजाऱ्यांकडे होतं. पुजाऱ्याने शत्रूच्या हद्दीवर जायचं, ठरलेले शब्द म्हणायचे आणि पलीकडे भाला टाकायचा. त्याशिवाय युद्ध धर्माचं होत नसे. पुढे शत्रू पडले समुद्रापलीकडे. तिथवर भाला टाकायला जाणार कोण? मग त्यांनी एक युक्ती केली. पकडून आणलेल्या शत्रूच्या एका सैनिकाला रोममध्येच जमिनीचा एक तुकडा विकत घ्यायला लावला. झाली ती शत्रूची जमीन. टाका तिच्यात भाला."

बाबा आईच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले. "चलाख की तुझे भटजी! म्हणजे त्यांनीही सुपारीच लावली."

"तेच तर म्हणते मी. कायद्याला माहीत असतं की ही खरी गोष्ट नाही. पण काम अडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ती खरी मानायची. ह्यात कमीपणा कसला?"

ते बराच वेळ हसत राहिले. मला वाटलं, मी जिंकले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

"जमिनीचं ठीक आहे," ते म्हणाले. "कोणतीही चार हात जमीन घेतली तरी जमीनच. तुझ्या आईच्या जागी पिशवीतून हाताला येईल ती सुपारी काढून कशी लावू? आजवर लोकांना तशीच देत आलो. पुडीतून काढायची, द्यायची, 'लावा' म्हणायचं. आता वाटतं, त्यांना काय वाटलं असेल."

 

दोन-तीन दिवसांनी नदीकाठच्या मळ्यातले एक शेतकरी मोसंबीची पिशवी घेऊन आले. आमच्याकडचे जुने यजमान, आईबाबांना काका-काकू म्हणणारे. लग्नाचं कानावर आलं म्हणून भेटायला आले होते. बोलता बोलता कन्यादानाला काका-काकू बसणार हे कळलं आणि ते खुर्चीत पुढे सरकले.

"आसं कसं म्हनता, काका? माझ्या थोरलीच्या लग्नात मीबी बसत न्हाई म्हनत हुतो. तुमीच बसवलं की मला."

"तेव्हा मला कळत नव्हतं," बाबा म्हणाले.

"तुमाला नसंल. काकूंना लई कळत हुतं." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आदल्या दिशी मी सामान न्यायला आल्तो. तुमी घरात नव्हता. काकूंनी ताटात सुपाऱ्या वतल्या हुत्या आन् येक येक हातात घिऊन बघत हुत्या. उजेडाला धरायच्या, फिरवायच्या, बाजूला ठिवायच्या. म्या म्हनलं, काकू, कोनतीबी द्या, येकच तर लागती. तर माझ्याकडं बघून म्हनल्या, कोनतीबी कशी? तुमच्या कारभारनीच्या जागी बसायचीय ती. किडकी-बिडकी निघाली तर तिला काय वाटंल?"

बाबांनी हातातली मोसंबी खाली ठेवली.

"मग येक चांगली गोल निवडली," शेतकरी म्हणाले. "पुसली, कुंकू लावलं, आन् माझ्या हातात दिली. म्या तितंच रडलो, काका. तवर मला वाटत हुतं, सुपारी म्हंजी नुसती कायद्यापुरती. काकूंनी दिली तवा माझी कारभारीन आल्यावानी झालं. दुसऱ्या दिशी गुमान पाटावर बसलो."

"मला कधी बोलली नाही," बाबा म्हणाले.

"बायका समदं सांगत्यात व्हय?" म्हणून ते उठले. जाताना मोसंबी गोड आहेत, दोन दिवसांत संपवा, असं बजावून गेले.

ते गेल्यावर बाबा देवघराशेजारच्या फडताळापाशी गेले. पूजेचं सामान तिथेच असायचं आणि पिशवी भरायचं काम कायम आईचं. बाबांना फक्त खांद्याला लावून निघायचं माहीत. त्यांनी कापूर, जानवी, हळदीची पुडी बाजूला केली. मागे एक पितळी डबी होती. उघडली तर आत मोजक्याच सुपाऱ्या, सगळ्या सारख्या गोल, एकीलाही भोक नाही. आता उलगडा झाला. पिशवीतल्या पुडीत सुपाऱ्या नेहमीच असायच्या, पण ज्या लग्नात मुलीची आई हयात नसायची त्या लग्नाच्या पुडीत ह्या डबीतली एक सगळ्यात वर ठेवलेली असायची. हाताला आधी तीच यायची. बाबांना वाटायचं, हाताला येईल ती देतोय.

ते डबी घेऊन फडताळासमोर खाली बसले आणि रडले. आई गेली तेव्हा सगळे विधी त्यांनी स्वतः सांगितले होते, आवाज एकदाही हलला नव्हता. मी आणि बहीण दोन्हीकडून जवळ बसलो. आम्ही तिघंही मनसोक्त रडलो, आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

नाक पुसून बाबांनी डबी बहिणीपुढे धरली. "तू निवड," ते म्हणाले.

लग्न श्रीरामपूरच्या एका मंगल कार्यालयात झालं. बाहेर टेम्पोतून केळीचे खांब उतरत होते, आत सनईची रेकॉर्ड मधेच अडकत होती. बाबा सोवळ्याचा रेशमी कद नेसून पाटावर बसले. बहिणीने निवडलेली सुपारी कुंकू लावून त्यांच्या कनवटीला होती. उजव्या हाताला दुसरा पाट मांडलेला होता, रिकामा. तो काढायचा का म्हणून काकूने विचारलं, तर बाबा म्हणाले, "असू दे."

लग्न लावायला ते श्रीरामपूरचेच गुरुजी होते, आणि बाबांसमोर मंत्र म्हणायचे म्हणून आधीच घामाघूम झाले होते. त्यात बाबांची सवय जाईना. गुरुजींनी "आचमन करा" म्हणायच्या आत ह्यांनीच "आचमन करा" म्हटलं. संकल्पाच्या वेळी गुरुजी एक शब्द सांगायचे, हे पुढचे तीन म्हणून मोकळे. शेवटी गुरुजी हात जोडून म्हणाले, "काका, आज तुम्ही यजमान. आज मला चुकू द्या." मांडवात हशा पिकला. बाबाही हसले, आणि पाठ जरा सैल सोडून बसले.

कन्यादानात मुलीच्या आईने झारीने पाण्याची धार धरायची असते. बाकी सगळ्याला सुपारी चालते, पण तिला काही झारी धरता येत नाही. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं. "पाणी कोण घालणार?"

"ताई," बहीण म्हणाली.

मी बिनलग्नाची. मागच्या खुर्च्यांवरून थोडी कुजबुज आली. बाबांनी तिकडे लक्षही दिलं नाही. झारी उचलून माझ्या हातात दिली. मी त्या रिकाम्या पाटाच्या मागे, त्यांच्या उजव्या खांद्याशी उभी राहिले आणि पाणी घालू लागले. बहिणीची ओंजळ, नवऱ्या मुलाची ओंजळ, वर बाबांचे हात. गुरुजींचे मंत्र चालू झाले. धार जाड पडत होती, उडत होती.

बाबांनी मान उजवीकडे वळवली. माझ्याकडे पाहिलं नाही. पाटाकडे पाहिलं, बसलेल्या माणसाशी बोलताना नजर जिथे जाते तिथे. आणि हळू, घरातल्या आवाजात म्हणाले, "अगं, बारीक धार धर. तुटू देऊ नकोस."

लग्न लावणारे बाबा मी असंख्य वेळा पाहिले होते. मुलीच्या आईला ते हेच सांगायचे, पण "बारीक धार धरा, वहिनी" असं. आणि मला तर ते वकीलसाहेब म्हणतात. अगं म्हणायचे ते फक्त आईला. गुरुजी एक क्षण मंत्र विसरले. बहीण खाली बघत होती, तिच्या ओंजळीत कुठलं पाणी पडत होतं कुणास ठाऊक. मी धार बारीक केली. शेवटपर्यंत तुटू दिली नाही.

विधी संपले तेव्हा गुरुजी हळूच म्हणाले, "काका, आता सुपारी सोडली तरी चालेल." बाबांनी मान हलवली. मग जेवणं झाली, फोटो झाले, पाठवणी झाली. बहीण आम्हाला धरून खूप रडली आणि संगमनेरच्या गाडीत बसली.

संध्याकाळी आम्ही दोघं गाडीने बेलापूरला निघालो. दोन्ही बाजूंना ऊस होता, वारा बरा सुटला होता. बाबा अजून कदातच होते. त्यांचा हात कमरेवर तसाच होता. मला वाटलं, विसरले असतील.

"बाबा, सुपारी राहिली कनवटीला," मी म्हटलं.

त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "रडून रडून आत्ताच कुठे डोळा लागलाय तिचा."